मुखपट्टी आणि रोगाची वाट

१८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग बहुतांशी उंदरांवरील पिसवांनी पसरविला. त्यापुढे मुखपट्टी काय करणार? १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियातील हार्बिन शहरी तोच रोग फुप्फुसांत उतरला व श्वासावाटे पसरला. पेनांगला जन्मलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी शवविच्छेदन करून, कापूस व जाळीदार कापड यांच्या मुखपट्टीचा आग्रह धरला. फ्रेंच डॉक्टर मेनी यांनी ती न बांधताच रुग्ण तपासले. काही दिवसांतच ते दगावले. (अनुभवी माणसाला अनुभवच कधी आडवा येतो!) २०२० च्या करोना विषाणूची वाटही मुख्यतः श्वासाचीच. म्हणून नीट बसलेली मुखपट्टी मला उपयुक्त वाटते. हातमोजे घालून तोच हात तोंडाला लावणाऱ्याने मात्र साबणाने हात धुतलेले बरे.