बंब येईपर्यंत

देवणीकडे कुठं आग लागली की आधी बोंब येते, मग माणसं येतात आणि बंब सगळ्यात शेवटी येतो. यात बंबावरच्या माणसांचा दोष नाही. मी लहानपणापासून पाहिलेली गाडी उदगीरहून नाहीतर निलंग्याहून आलेली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, मग गावातली अरुंद गल्ली, मग पाणंद. पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबते, कारण पुढं चाक रुततं. तोवर अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. सोयाबीनची वाळलेली बनीम एवढा वेळ देत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. काढलेलं सोयाबीन मळणीयंत्र मिळेपर्यंत शेतातच ढीग लावून ठेवतात, वर ताडपत्री टाकतात. त्या ढिगाला आमच्याकडे बनीम म्हणतात. बियाण्याची उधारी, बँकेचा हप्ता, बहिणीचं लग्न, माझी कॉलेजची फी, सगळं त्या ताडपत्रीखाली असतं.

तर त्या अर्ध्या-पाऊण तासात जे पळतात, त्यांच्यातला मी एक. बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. पहाटे उठून दोन गायींच्या धारा काढायच्या, साडेआठला कॉलेज गाठायचं, दुपारी शेतात किंवा मोबाइलवर, संध्याकाळी पुन्हा धारा. हा झाला नेहमीचा दिवस. पण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत बनमींचे दिवस, आणि शिमग्यापासून पहिल्या पावसापर्यंत कडब्याच्या गंज्यांचे. या काळात आमच्यातलं कुणी फोन सायलेंटवर ठेवत नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप मुळात क्रिकेटसाठी काढलेला. त्याच्यावर 'लागली' एवढा एक शब्द आणि खाली लोकेशन आलं की वर्गातून चार-पाच जण उठतात. सर आता विचारत नाहीत, फक्त खडू थांबवून दाराकडे बघतात. हजेरी मात्र कापली जाते, ते वेगळं.

हे काम आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण त्याचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी जनावरं. गोठ्यात गेलं की दाव्याची गाठ सोडत बसायचं नाही, विळ्यानं दावं कापायचं. आमच्याकडची देवणी गाय शांत, पण धूर नाकात गेला की तीही माणूस ओळखत नाही. जनावरं निघाली की लाइनमनला फोन. आणि इथंच मोठी अडचण आहे. आग तारांजवळ असेल तर फिडर बंद करायला सांगावंच लागतं, नाहीतर पाणी मारणारा पोरगाच चिकटायचा. पण फिडर बंद झाला की आजूबाजूच्या सगळ्या बोअरच्या मोटारी बंद. ज्या मिनिटाला पाणी हवं असतं, त्याच मिनिटाला आपल्या हातानं पाणी तोडायचं. मग खरं काम होतं ते पाठीवरच्या फवारणी पंपांवर, ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर, ओल्या गोणपाटांवर, लिंबाच्या ओल्या फांद्यांवर आणि मातीवर.

तिसरी गोष्ट शिकायला मला दोन हंगाम लागले. जळणारी बनीम सोडून द्यायची. तिच्यावर घातलेलं पाणी वाया जातं. वाचवायची ती शेजारची, जिला अजून झळ लागलेली नाही. हे बांधावर उभं राहून ऐकायला सोपं आहे. ज्याची जळते आहे तो मात्र तिच्याकडेच धावतो, हातानं ओढून काढायला बघतो. त्याला दोघांनी धरून ठेवावं लागतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला काखेत हात घालून मागं ओढायचं आणि 'काका, जाऊ द्या, काका, राहू द्या' म्हणत राहायचं. पंपापेक्षा हे काम जड आहे आणि कुणालाच नको असतं.

इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला एक साधा प्रश्न पडला. या कामाला नाव काय? आणि जगात दुसरीकडे माझ्यासारखी पोरं हेच करत असतील, तर त्यांना काय म्हणतात?

उत्तर शोधताना दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पोचलो. तिथं आग विझवणाऱ्याला 'बोंबेरो' म्हणतात. बोंबा म्हणजे पंप. आपला बंबही त्याच घराण्यातला, पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून आलेला. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आणि लाल गाडीचा बंब, दोन्हींचं मूळ तेच. व्हालपाराइसो हे तिथलं बंदर. १८५० च्या डिसेंबरात तिथं मोठी आग लागली आणि १८५१ च्या जूनमध्ये गावातल्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी आपलं स्वयंसेवी दल उभं केलं. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी त्या देशात आग विझवणारे जवान बिनपगारीच आहेत. उलट तेच वर्गणी भरतात! केंद्रावर रात्रपाळी असते आणि तिच्यात कॉलेजची पोरं बरीच. रात्री तिथंच झोपायचं, घंटा झाली की बूट घालून गाडीवर, आणि सकाळी वर्गात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाशेजारी कॉलेज पार्कच्या स्वयंसेवी दलातही विद्यार्थी केंद्रावरच राहतात. खोलीचं भाडं नाही, बदल्यात ड्यूटी. जर्मनीत असे स्वयंसेवक दहा लाखांच्या घरात आहेत. अमेरिकेत याची सुरुवात जुनी. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ साली फिलाडेल्फियात तीसेक जणांना घेऊन असं दल काढलं होतं. प्रत्येकानं आपल्या घरी चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून काढायला पिशव्या तयार ठेवायच्या आणि बैठकीला आलं नाही तर दंड भरायचा. दंडाचं वाचून मला आमचा क्रिकेटचा ग्रुप आठवला. आमच्याकडे न येणाऱ्याला दंड नाही, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळे बघतात तेवढंच.

मग आपल्याकडे असं का झालं नाही?

मराठी मुलखात अग्निशमनाचा इतिहास म्हणजे बहुतेक मुंबईचाच इतिहास. १८०३ साली तिथल्या कोटात भयंकर आग लागली. पुढं हे काम पोलिसांकडे होतं, १८८७ पासून महापालिकेकडे आलं, १९०७ मध्ये मोटारीवरचा पहिला बंब आला. म्हणजे बंदर होतं, गोदामं होती, विमा होता, म्हणून बंब होता. या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि जोडीला कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. कापूस कसा जळतो हे मराठवाड्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत धुमसत राहतो. दुपारी दीड-दोनच्या सुमारास धूर दिसला. जवान जहाजावर उभे राहून पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आमच्याकडे त्या दिवशी जयंतीची मिरवणूक असते, सगळं गाव रस्त्यावर असतं, त्यामुळे ही दुसरी आठवण कुणाला ठाऊक नाही. मलाही पुस्तकातच सापडली.

त्या काळात मुंबईत हवाई हल्ल्याच्या भीतीनं नागरिकांमधून भरलेलं एक पूरक अग्निशमन दल होतं. म्हणजे चिलीसारखं काहीतरी उगवलं होतं. युद्ध संपलं आणि तेही आवरलं गेलं. आणि देवणी तर तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतीच. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात, उदगीर तालुक्यातलं ती एक गाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा तालुका उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. मुंबईचा बंब आमच्या आजोबांनी सिनेमात पाहिला असेल तर असेल.

नंतर होमगार्ड आले. ही संघटना १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत सुरू झाली. आगीत, पुरात मदत करणं हे त्यांच्या कामात आहे, पण आमच्याकडे होमगार्ड म्हटलं की गणपतीचा बंदोबस्त. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली आणि आज ती आमच्याकडच्या लहान कॉलेजांतही आहे. आमच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही झाडं लावली, नाली साफ केली, पथनाट्य केलं. बनीम कशी विझवायची, हे कुणी काढलंच नाही.

पण मला खरा धागा सापडला तो १९९३ सालात. त्या वर्षी राज्यघटनेतल्या दोन दुरुस्त्या लागू झाल्या. ७३ वी एप्रिलमध्ये, पंचायतींसाठी. ७४ वी जूनमध्ये, नगरपालिकांसाठी. दोन्हींबरोबर कामांची एकेक यादी आली, अकरावी आणि बारावी अनुसूची. बाराव्या अनुसूचीत सातव्या क्रमांकावर लिहिलंय, अग्निशमन सेवा. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. शेती, कुक्कुटपालन, मत्स्यव्यवसाय, ग्रंथालयं, बाजार, जत्रा, सगळं. आग नाही. मी ती यादी तीनदा वाचली. वैरण आहे, सरपण आहे. दोन्ही पेटणाऱ्याच वस्तू, पण त्या पेटल्यावर विझवायच्या कुणी, याचा विषयच नाही. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही मुख्यतः इमारतींचा आणि त्यांच्या मालकांच्या जबाबदारीचा. बनीम ही इमारत नाही.

याद्या लागू झाल्या त्याच वर्षी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. वडील तेव्हा उदगीरला कॉलेजात होते. मित्रांबरोबर ट्रकमध्ये बसून गेले आणि चार दिवसांनी परत आले. ते याबद्दल फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, की ते पोचले तेव्हा जिवंत माणसं आधीच निघालेली होती, वाचलेल्या शेजाऱ्यांनीच काढलेली. बाहेरून आलेल्या पोरांच्या वाट्याला उरलं ते दगड उचलणं आणि लाकडं रचणं. लष्कर आलं, डॉक्टर आले, मंत्री आले, ते सगळं पुस्तकांत आहे. पहिल्या दोन-तीन तासांत अंधारात, पावसात दगड-मातीच्या भिंती हातांनी उपसणारे कोण होते, ते फारसं कुठं लिहिलेलं नाही.

मला हे सगळं आता जास्त टोचतं, त्याला कारण आहे. मागच्या हंगामात आमच्यातल्या एकाचा हात भाजला. पेटलेली ताडपत्री वितळून मनगटाला चिकटली. पोरगा गुणी, भरतीची तयारी करत होता, पहाटे मैदानावर धावायचा. औषधपाण्याचा खर्च घरच्यांनी केला. मदत मागायला आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तो तिथं कोणत्या नात्यानं गेला होता?' शेत त्याचं नव्हतं, नोकरी नव्हती, दल नव्हतं. फॉर्मवर लिहायला रकानाच नाही. हात बरा झाला, पण दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. भरतीचं त्यानं सोडून दिलं. ग्रुपवर 'लागली' आलं की अजूनही सगळ्यात आधी त्याचीच गाडी सुरू होते. त्याची आई मला म्हणते, तू तरी त्याला सांग. मी काय सांगणार?

आमच्या घरीही हा वाद आहे. आई म्हणते, परीक्षा बघ. वडील काही म्हणत नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मी परवानगी धरतो.

आग विझल्यावर तलाठी येतो, पंचनामा होतो. त्यात किती क्विंटल गेलं, किती जनावरं दगावली, अंदाजे किती रुपयांचं नुकसान, सगळं येतं. उद्या कुणी देवणी तालुक्याचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला हेच कागद मिळणार. किती जळलं ते त्याला कळेल. किती वाचलं आणि कुणी वाचवलं, त्याची ओळ त्यात नसते.

म्हणून मी एक दोनशे पानी वही केली आहे. तारीख, कुणाचं शेत, कशानं लागली, कोण कोण आलं, किती पंप होते, फिडर किती वाजता बंद झाला. पोरं आधी हसली. आता ती भांडतात, आपलं नाव राहिलं म्हणून. त्या वहीच्या मागच्या पानावर तीन लाइनमनचे नंबर आहेत, ब्लोअर असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर आहेत, पाण्याचे टँकर कुणाकुणाकडे आहेत ते आहे. फ्रँकलिनवरून सुचलं म्हणून प्रत्येकाच्या घरी दोन गोणपाट आणि एक धारदार विळा वेगळा ठेवायचं ठरलंय. चामड्याचे हातमोजे घ्यायला वर्गणी काढली आहे. सहा जोड आले, अजून पंधरा हवेत.

वहीतली शेवटची नोंद मागच्या आठवड्यातली आहे. चार बनमींपैकी एक गेली. फिडर बंद, ३:२०. पंप अकरा. माणसं सव्वीस, त्यांत तीन बायका, कळशीनं पाणी देणाऱ्या. आग आटोक्यात, ४:०५. बंब आला, ४:१५. बंबावरच्या जवानांनी उतरून राख पुन्हा भिजवली, आत धग होती म्हणाले. मग आमच्याबरोबर बांधावर बसून पाणी प्यायले आणि त्यांच्यातल्या एकानं वही मागून घेऊन स्वतःचं नाव लिहिलं.