उष्णता, उन्हाळी आणि ताप : नगरच्या गरोदरपणाची भाषा

‘अंगात उष्णता झाली आहे’ या वाक्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तोंड आले, तळपायांची आग झाली, डोळे चुरचुरले, की घरातली वडीलधारी बाई याच एका शब्दात निदान करून मोकळी होते. घरात गरोदर सून असेल तर हा शब्द दिवसातून चारदा कानावर पडतो. थर्मामीटर लावून पाहावा तर पारा बहुधा जागचा हललेला नसतो. म्हणजे ही उष्णता ताप नव्हे. मग ती काय आहे आणि तापाची हद्द कोठे सुरू होते, हा प्रश्न वैद्यकाचा आहेच. परंतु तो भाषेचाही आहे. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. या दुसऱ्या बाजूनेच येथे थोडा विचार करीत आहोत. त्यासाठी अहमदनगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर) निवडण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

आपल्या परंपरेत ‘उष्ण’ हे तापमान नसून गुण आहे. चुलीवरून नुकतेच उतरवलेले दूध ‘थंड’ असते आणि माठाशेजारी ठेवलेली गार पपई ‘उष्ण’ असते, यात कोणत्याही आजीला विसंगती वाटत नाही. या विचाराचे मूळ आयुर्वेदात आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिनावार परिचर्या दिली आहे. तीत दूध, लोणी, तूप अशा मधुर, शीत पदार्थांवर भर आहे, आणि अतितीक्ष्ण, अतिउष्ण आहार गर्भाला घातक मानला आहे. काठोकाठ तेलाने भरलेले भांडे जपून न्यावे तसे गर्भिणीला जपावे, अशी उपमाही तेथे येते. नगर शहरात 1917 पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि गंगाधरशास्त्री गुणे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु हे ज्ञान खेड्यातील स्वयंपाकघरात पोहोचले ते पोथीतून किंवा महाविद्यालयातून नव्हे. ते सासूकडून सुनेकडे आले. धने-जिऱ्याचे पाणी, भिजवलेला सब्जा, वाळा घातलेला माठ, ताक, ज्वारीची आंबील, रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासणे, ही त्या ज्ञानाची भाषा होती.

या उपचारांना हसण्याचे कारण नाही. गरोदरपणी संप्रेरकांमुळे शरीराचे तापमान सुरुवातीला किंचित वाढते, रक्ताचे प्रमाण हळूहळू सुमारे निम्म्याने वाढते आणि त्वचेकडे अधिक रक्त वाहू लागते. बाईला उकडते ते खरेच उकडते. अशा वेळी पाणी, ताक, सावली, सैल सुती कपडा, ओल्या फडक्याने अंग पुसणे आणि दुपारची विश्रांती यांनी बरे वाटते, हे आजचे वैद्यकही मान्य करते. आजीचे निरीक्षण अचूक होते.

अडचण दुसरीकडे होती. एकच शब्द फार मोठा प्रदेश व्यापू लागला, की त्यातील भेद पुसले जातात. मराठीत ‘गरमी’ या शब्दाखाली हवेतील उकाड्यापासून गुप्तरोगापर्यंत सारे सामावले होते. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ सापडतात. ‘उष्णते’चेही तेच झाले. अंडी, मांस, तीळ, गूळ, बाजरी उष्ण ठरली आणि पोटुशी बाईच्या ताटातून उठली; ज्या बाईला रक्त सर्वाधिक हवे, तिचेच अन्न तुटले. त्यात पोट फुगले तर बाळंतपण अडेल, म्हणून कमी खावे, या समजुतीची भर पडली.

याहून घातक झाली ती ‘उन्हाळी’. लघवीला जळजळ होऊ लागली, की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणायचे आणि सब्जा प्यायला द्यायचा. शब्दातच ऋतू आहे. ऋतू सरला की दुखणेही सरेल, असा दिलासा तो देतो. परंतु गरोदरपणी ही जळजळ पुष्कळदा मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाची असते. तो वर मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो आणि अकाली प्रसूतीचा धोका उभा राहतो. आता हा गुण नव्हे, हा ताप आहे. आणि त्याला सब्जाने उतार पडत नाही. पहिल्या तिमाहीतील तीव्र ताप गर्भाच्या मज्जासंस्थेच्या घडणीलाही बाधक ठरू शकतो. हिवताप असेल तर आई आणि मूल दोघांवर बेतते. ‘उष्णता आहे, जाईल’ या तीन शब्दांच्या धीराची किंमत किती बायकांनी मोजली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

या पार्श्वभूमीवर जामखेडचा प्रयोग पाहावा. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दुष्काळी तालुक्यात आले. त्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे 176 अर्भके वर्षाच्या आत दगावत, अशी नोंद आहे. डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, हे ओळखून त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतील बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून शिकवीत. गरोदर बाई तपासणे, फिकटपणा, सूज, ताप ही लक्षणे ओळखणे आणि धोका दिसताच दवाखान्यात पाठवणे हे त्यांचे काम झाले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 च्या दशकात अर्भकमृत्यूचे ते प्रमाण तिशीच्या आत आले.

या यशाची कारणे अनेक आहेत: पाणी, लसी, धान्य, बायकांचे संघटन. आम्हांला त्यात एक भाषिक कारणही दिसते. या कार्यकर्त्या त्याच घरांतल्या होत्या. ‘उष्णता’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या बाळंतपणात ऐकला होता. बाहेरून आलेला डॉक्टर तो शब्द अडाणीपणा म्हणून फेकून देतो आणि समोरची बाई गप्प होते. शेजारीण मात्र विचारू शकते: थंडी वाजते का? लघवीला आग होते का? कमरेत दुखते का? असे विचारीत ती एका मोठ्या शब्दातून ताप वेगळा काढते आणि उरलेली उष्णता सब्जाच्या स्वाधीन करते.

2005 नंतर ‘आशा’ कार्यकर्ती गावोगाव आली; ती या परंपरेची वारसदार म्हणता येईल. तिच्यापुढचे काम सोपे झालेले नाही. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पोट पुढे आलेले असतानाही फडात वाकलेल्या असतात. त्यांच्या अंगातली उष्णता हा गुणही नव्हे आणि तापही नव्हे. ती उन्हाची आणि कष्टाची आहे. सावली, पिण्याचे पाणी आणि भर दुपारी थांबण्याची मुभा हेच तिच्यावरचे नैसर्गिक उपाय, आणि ते घरच्या आजीच्या हाती नाहीत. बाकी नियम साधा आहे: पारा 38 अंश सेल्सियसला, म्हणजे 100.4 फॅरनहाइटला पोहोचला, की ओले फडके ठेवावे, पाणी पाजावे आणि वाट न पाहता दवाखाना गाठावा. गोळी घ्यायची तीही डॉक्टरांना विचारून.

कोशात शब्दाचे अर्थ एकाखाली एक लिहिलेले असतात. जामखेडच्या ज्या बायकांना तो कोश वाचता येत नव्हता, त्यांनी हे अर्थ वेगळे करून दाखवले. आमच्या वर्गात अर्थविचार शिकवताना हे उदाहरण यायला हवे, असे आम्हांला वाटते.