अक्षर आणि सोबत

नगरहून पाथर्डीकडे जाताना वाटेत तिसगाव लागतं. रंगपंचमीला जवळच मढीला कानिफनाथांची जत्रा भरली, की हा सगळा मुलूख माणसांनी फुलून जातो. अशाच एका जत्रेच्या दिवशी, लहानपणी पाहिलेली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चौदा-पंधरा वर्षांचा एक अंध मुलगा ओट्यावर बसला होता. बरोबरीची पोरं जत्रेला निघाली. घरचे त्याला म्हणाले, “तू बस इथंच, चेंगरशील.” त्यांची माया खरी होती. पण पाहुणे आले, तेही शेजारच्यालाच विचारत, “त्यानं चहा घेतला का?” त्याला कुणी विचारीना.

चारचौघांत वागणं डोळस मूल बघून बघून शिकतं. कोण बोलू लागलं, कोण हसलं, कोण उठून गेलं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. अंध मुलाला मात्र ते मुद्दाम सांगावं लागतं. आणि मैत्रीचं वय असतं ते हेच, तेरा ते एकोणीस.

याचा इतिहास मोठा बोलका आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यात 1809 साली लुई ब्रेल जन्मला. वडील घोड्यांची खोगिरं शिवीत. तीन वर्षांचा असताना त्यांची आरी डोळ्याला लागली आणि पुढं दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असताना 1824 मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यानं सहा ठिपक्यांची लिपी बसवली. पण डोळसांना ती वाचता येईना. मग 1839 साली त्यानं आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात नेहमीच्या अक्षरांचेच आकार ठिपक्यांनी काढायचे, म्हणजे अंधाचं पत्र डोळसालाही वाचता यावं! अक्षराइतकीच त्याला माणसांची ओढ होती. तो 1852 मध्ये वारला. शाळेनं त्याची लिपी रीतसर मान्य केली ती 1854 मध्ये.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा 1887 साली अमृतसरला निघाली. अहमदनगरात 1831 पासून काम करणारं जे अमेरिकन मराठी मिशन, त्याच्याच मिस ॲना मिलर्ड यांनी 1900 साली मुंबईत अंधशाळा काढली. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल 1951 मध्ये ठरली. 1974 च्या केंद्रीय योजनेनं अपंग मुलांना साध्या शाळेची वाट मोकळी केली. 2016 च्या कायद्यानं तर ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला.

म्हणजे अक्षर मिळालं, वर्गातला बाकही मिळाला. पण मधल्या सुट्टीतला सोबती कोणता कायदा देणार? तो आपणच द्यायचा आहे.

गुरुजी, अवघड काही नाही. बोलण्याआधी आपलं नाव सांगा, जाताना “निघतो” म्हणा. त्याचा दंड धरून ओढू नका, आपलं कोपर त्याला धरू द्या. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या आवाजाकडं तोंड करायला त्याला शिकवा. वर्गात त्यालाही एखादं काम द्या आणि चुकलं तर इतरांसारखंच सांगा. घरच्यांनी आठवड्याच्या बाजारात त्याच्या हाती पैसे द्यावेत, भाव त्यालाच करू द्यावा. दोनदा फसेल, तिसऱ्यांदा नाही फसणार. आणि वर्गातल्या पोरांनाही हे सारं सांगा, कारण सोबत करणं त्यांनाही शिकावंच लागतं.

तो ओट्यावरचा मुलगा जत्रेत खरंच चेंगरला असता का, कोण जाणे. पण ओट्यावर बसून तो एकटा पडला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा येत्या रंगपंचमीला तुमच्या गावातल्या अशा मुलापाशी जा, आपलं नाव सांगा आणि दुसऱ्या कुणाला नव्हे, त्यालाच विचारा, “येतोस का रे जत्रेला?”