काचेची कांडी कोण ओढतं?



आजचा भाग ऐकताना घरात काचेची बांगडी असेल तर एक हातात घेऊन बसा. प्लास्टिकची किंवा लाखेची नको, काचेचीच हवी. ती शेवटी लागणार आहे.

गेल्या हिवाळ्यात रायपूरला, तेलीबांध्यात, तलावापासून जवळच एका ओळखीच्यांच्या गच्चीवर दोन दिवसांची कार्यशाळा होती. शिकवायला आलेले कारागीर उत्तर प्रदेशातल्या पुरदिलपूरचे. हे गाव काचेच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. शिकणारे आम्ही सहाजण, त्यांत चौघी बायका. शिकायचं होतं ते नक्षीची कांडी ओढायला. कांडी म्हणजे काचेची बारीक सळई. मणी, बांगडीवरची वेलबुट्टी, काचेतली फुलं, सगळं आधी अशा सळईतून येतं.

कृती सांगायला सोपी आहे. पांढऱ्या काचेचा गोळा ज्योतीवर मऊ करायचा, त्याच्या अंगावर लाल आणि निळ्या काचेच्या रेघा चिकटवायच्या, वर पारदर्शक काचेचा थर चढवायचा. मग दोन्ही टोकांना सळया लावून दोघांनी एकमेकांपासून दूर जायचं. गोळा लांबत जातो, बारीक होतो, पण आतली नक्षी तशीच राहते, फक्त लहान होते. आमचा गोळा दोन सेंटिमीटर जाड आणि चार सेंटिमीटर लांब होता. त्याची चार मिलिमीटरची कांडी करायची, म्हणजे जाडी पाचपट कमी आणि लांबी पंचवीसपट जास्त. हिशेबाने एक मीटर व्हायला हवी होती. हाती आली जेमतेम हातभर, तीही मध्ये जाड आणि टोकाला दोऱ्यासारखी. मी ओढत होते. उस्तादांनी हातावर हात ठेवून थांबवलं आणि सांगितलं की ओढू नका, नुसतं चाला, काच आपणहून येईल. कधी चालायचं, किती सावकाश, काचेचा रंग उतरला की कुठे थांबायचं, हे त्यांना शब्दांत सांगता येईना. ते माझ्याबरोबर चालले, तेव्हा कुठे कळलं.

त्यातली एक कांडी रात्री आपोआप तडकली. दोन रंगांच्या काचा थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर असं होतं. कुठला रंग कुठल्या रंगाशी नांदतो, हेही उस्तादांना माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. हाताला हात लावूनच जी विद्या पुढे जाते, तिच्या भट्टीजवळ उभं राहायची परवानगी कोणाला होती?

तेलीबांध्यावरून आरंगकडे जाणारा महामार्ग धरला की महानदी ओलांडून पुढे सिरपूरचा फाटा लागतो. 1950च्या दशकात तिथे उत्खनन केलं ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. मराठी माणूस, डेक्कन कॉलेजच्या परंपरेतला. रायपूरकरांना ते सिरपूरच्या विहारांमुळे माहीत असतात. काचेच्या अभ्यासकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने माहीत आहेत: भारतीय काचेचा पहिला मोठा इतिहास त्यांनी लिहिला, 1969 साली मुंबई विद्यापीठाने तो छापला. त्याआधी 1945-46 मध्ये सांकलियांबरोबर त्यांनी कोल्हापूरची ब्रह्मपुरी खणली होती. तिथल्या बहामनी काळाच्या थरांत अनेकरंगी काचेच्या बांगड्या मिळाल्या. एका रंगाच्या कड्यावर दुसऱ्या रंगाच्या रेघा, ठिपके, पीळ. म्हणजे तेलीबांध्याच्या गच्चीवर आमची जी फजिती झाली, ते काम पाचेकशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये सराईतपणे चालत होतं.

ते करणारे कोण? आपल्याकडे बांगडी विकणारा तो कासार आणि काच वितळवणारा तो काचारी. विद्या घरातली. मुलगा बापाच्या भट्टीपाशी वाढायचा, बाहेरच्याचं तिथे काम नव्हतं. याला आपल्याच समाजाचा दोष म्हणून सोडून देऊ नका. व्हेनिसने 1291 साली भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. आगीचं भय हे कारण होतंच, पण पुढे कारागिराने बेट सोडून परमुलखात जाऊ नये म्हणून कायदेही केले. तिथेही कांडी दोघंजण चालतच ओढत, आणि ती चाल बेटाबाहेर जाऊ द्यायची नव्हती.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची गोष्ट बिघडली. बोहेमियातल्या गाब्लोंझ गावच्या परिसरात काचेच्या सळया कारखान्यात व्हायच्या आणि त्यांपासून घरोघरी मणी-बांगड्या. तो माल जहाजं भरून हिंदुस्थानात यायचा, पुढे जपानचाही यायला लागला. सौभाग्याचं लेणं परदेशी कांडीचं झालं. काचाऱ्याची भट्टी त्या भावाला टिकणं कठीण होतं, आणि भट्टी विझली की बापाच्या हातातली चालही तिथेच संपते. मला या सगळ्यात सर्वात जास्त लागतं ते हे. बांगड्या मातीत सापडतात, चाल सापडत नाही.

आता तळेगाव. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करावेत. रुपयाचे चौसष्ट पैसे होते, तेव्हा चौसष्ट माणसं मिळून एक रुपया! लोक हसले असतील. पण लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले आणि 1908 साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. कारखान्यातले तज्ज्ञ होते ईश्वरदास वार्ष्णेय, उत्तर हिंदुस्थानातले. जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेऊन आलेले.

तळेगावचं वैशिष्ट्य माझ्या मते काचेत नाही. तिथे नक्षीची कांडी कोणी ओढली असं मी म्हणत नाही. गरज दिव्याच्या काचांसारख्या साध्या मालाची होती. वैशिष्ट्य हे की तो कारखाना शाळाही होता. ज्याच्या घरात सात पिढ्यांत कोणी फुंकणी धरली नाही, असा मुलगा तिथे भट्टीसमोर उभा राहू शकत होता. पैसा कोणाचाही, म्हणून विद्याही कोणाचीही. इथे शिकलेले लोक पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. खुद्द वार्ष्णेय यांनी बहजोईला मोठा कारखाना चालवला. 1916 साली कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या आश्रयाने ओगल्यांचा कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील तुमच्यापैकी काहींच्या आजोळी अजून माळ्यावर असेल.

पण बांगडी? पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा माल थांबला आणि फिरोझाबादला वाव मिळाला. तिथली पद्धत पाहा. वितळलेल्या काचेच्या गोळ्यावर दुसऱ्या रंगाची काच चढवतात, त्यातून तार ओढतात आणि फिरत्या बेलनावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात. गोळ्यावरचा रंग तारेवर बारीक रेघ होऊन येतो. ओढायला माणसाऐवजी बेलन आहे, बाकी आमची गच्चीवरचीच कांडी. मग ती स्प्रिंग कापली की उघड्या तोंडाची कडी सुटी होतात.

आता हातातली बांगडी बोटांत फिरवा. एका जागी किंचित उंचवटा लागेल. तो जोड. हे काम भट्टीवर होत नाही. कडी घरोघरी जातात आणि तिथे बहुतेक बायका, पुष्कळदा मुलंही, दिव्याच्या ज्योतीवर तोंडं जुळवतात, दिवसाला हजारोंनी. भट्टीपाशी मात्र पुरुषच.

आमच्या कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी एक कांडी नीट आली. दुसऱ्या टोकाला सळई धरून चालत होती ती त्याच घरातली सून. आम्ही दोघी गच्चीच्या दोन कठड्यांपर्यंत गेलो. उस्ताद मध्ये उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त हाताने खूण केली, थांबा.