‘जॉन ३:१६’ : गोलखांबांमागचा फलक

अमेरिकी फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना १९८० च्या दशकात प्रेक्षकांमध्ये एक फलक वारंवार दिसे : ‘जॉन ३:१६’. अनभिज्ञाला तो एखाद्या खेळाडूचा क्रमांक वाटावा! प्रत्यक्षात तो बायबलमधील संदर्भ आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील हे सोळावे वचन. देवाने जगावरील प्रेमापोटी आपला एकुलता एक पुत्र दिला, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यास सार्वकालिक जीवन लाभते, असा त्याचा आशय. अनेक ख्रिस्ती लोक त्यास आपल्या श्रद्धेचे सार मानतात.

फलकाची ही प्रथा रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने रोलेन स्ट्युअर्ट या प्रेक्षकाकडे जाते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो इंद्रधनुष्यी रंगांचा कुरळा टोप घालून सामन्यांत नाचत असे. हेतू एकच, पडद्यावर झळकून प्रसिद्ध व्हावे. १९८० मध्ये तो धर्माकडे वळला आणि झळकण्याची तीच हातोटी त्याने प्रचारासाठी वापरली. बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही जवळ ठेवून कॅमेरा कोठे रोखला आहे, हे तो पाहत असे आणि नेमका तेथे जाऊन उभा राही. गोलखांबांमागची जागा तर हक्काची. खांबांमधून चेंडू मारला जाताना कॅमेरा समोरूनच रोखलेला असतो. फलक टाळायचा तर चेंडूही टाळावा लागेल. या दोन-तीन क्षणांत संपूर्ण वचन वाचून होत नाही, पण एक नाव आणि दोन आकडे सहज वाचता येतात. पुढचे काम पाहणाऱ्याचे कुतूहल करते.

पुढे इतर प्रेक्षकांनी फलक उचलला, खेळाडूंनीही. ८ जानेवारी २००९ च्या महाविद्यालयीन अजिंक्यपद सामन्यात टिम टीबोने डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर हाच संदर्भ लिहिला आणि गूगलवर त्याचा अर्थ शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. डोळ्यांखाली असे मजकूर लिहिण्यास महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये २०१० पासून मनाई झाली. बरोबर तीन वर्षांनी, ८ जानेवारी २०१२ रोजी, व्यावसायिक सामन्यात टीबोने ३१६ यार्ड पासिंग केले, तेव्हा भाविकांना अर्थातच योगायोग मान्य नव्हता.

स्ट्युअर्टची कथा मात्र दुःखद आहे. जगाचा अंत जवळ आल्याच्या समजुतीने तो उत्तरोत्तर आक्रमक होत गेला. सप्टेंबर १९९२ मध्ये लॉस एंजलिसच्या विमानतळाजवळील हॉटेलात तो शस्त्रासह शिरला. तेथे एक सफाई कर्मचारी जिवाच्या भीतीने स्नानगृहात कोंडून राहिली. त्याची मागणी होती, दूरचित्रवाणीवर बोलू द्यावे. अखेर पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. १९९३ मध्ये त्याला जन्मठेप झाली.