चारही चाकांची गती : एका समजुतीचा इतिहास

मराठीत 'दुचाकी' आणि 'चारचाकी' हे शब्द वाहनाला किती चाके आहेत एवढेच सांगतात. त्यांपैकी किती चाके इंजिनाच्या शक्तीने फिरतात हे त्यांवरून कळत नाही. त्यामुळे 'टू-व्हील ड्राइव्ह' याचे भाषांतर कोणी 'द्विचक्र-चालन' असे केले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम स्कूटरच उभी राहते. 'जीप' या शब्दाची गत याहून उद्बोधक आहे. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे हा शब्द मामलेदार कचेरीपासून ऊसमळ्यापर्यंत सर्वत्र रुळला. चारही चाकांना शक्ती पुरवणारे वाहन हा त्याचा मूळ अर्थ. परंतु केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या तशाच बांधणीच्या गाड्यांनाही लोक निःशंकपणे 'जीप' म्हणू लागले. नाव आकाराला चिकटले, यंत्रणेला नव्हे. प्रस्तुत लेखात 'चतुश्चालित' म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी मोटार आणि 'द्विचालित' म्हणजे पुढील किंवा मागील दोनच चाकांना ती मिळणारी मोटार, असा संकेत पाळला आहे.

चतुश्चालित मोटार ही बर्फावर आणि शर्यतीत दोन्ही ठिकाणी स्वभावतःच श्रेष्ठ होय, ही समजूत आज सर्वत्र आढळते. तिचे वय मात्र फार नाही. १९८० पूर्वी मोटारशर्यतींच्या जगात बहुतेक जाणकारांचे मत नेमके उलट होते. आणि तेही निराधार नव्हते.

कल्पना स्वतः जुनी आहे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंच्या कारखान्याने १९०३ साली सहा सिलिंडरांची, चारही चाकांना शक्ती आणि चारही चाकांना ब्रेक असलेली शर्यतीची मोटार बांधली. १९३२ मध्ये बुगाटीने डोंगरचढाच्या शर्यतींसाठी 'टाइप ५३' ही चतुश्चालित गाडी केली. तिचे स्टिअरिंग वळवणे चालकाला अतिशय जड जाई. अडचण तत्त्वाची नसून सांध्याची होती. पुढील चाकाने वळायचेही आणि शक्ती घेऊन फिरायचेही, तर आस आणि चाक यांच्यामधील सांधा कोणत्याही कोनात समान वेगाने फिरला पाहिजे. साधा सांधा वळणावर झटके देतो. रझेप्पा या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात गोळ्यांचा समवेगी सांधा शोधून काढला. परंतु तो स्वस्त आणि सर्वसामान्य होण्यास पुढील तीन दशके लागली. १९५९ ची मिनी मोटार याच प्रकारच्या सांध्यावर आपली पुढची चाके फिरवत होती.

ट्रॅक्टरमुळे प्रसिद्ध झालेले हॅरी फर्ग्युसन यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा निष्ठेने केला. त्यांच्या कंपनीने 'पी ९९' ही शर्यतीची मोटार बांधली, ती प्रामुख्याने आपल्या चालनपद्धतीची सिद्धता दाखविण्यासाठी. फर्ग्युसन १९६० च्या ऑक्टोबरात वारले. २३ सप्टेंबर १९६१ रोजी इंग्लंडमधील ओल्टन पार्क येथे ओल्या मार्गावर स्टर्लिंग मॉस यांनी याच गाडीतून गोल्ड कप जिंकला. फॉर्म्युला वनच्या नियमांनुसार झालेल्या शर्यतीत चतुश्चालित मोटारीने मिळविलेला हा एकमेव विजय होय. तोही जागतिक अजिंक्यपदाबाहेरचा. तीच पद्धती १९६६ साली जेन्सन एफएफ या प्रवासी मोटारीत आली. तीत पुढील चाकांना सुमारे ३७ टक्के आणि मागील चाकांना ६३ टक्के बल मिळे. शिवाय चाके जाम होऊ न देणारी डनलॉपची यांत्रिक ब्रेकव्यवस्था होती. या मोटारी अवघ्या ३२० बनल्या आणि १९७१ मध्ये उत्पादन थांबले.

येथपर्यंतची कथा 'काळाच्या पुढे असलेला शोध' या परिचित साच्यात बसवता येईल. १९६९ चा हंगाम मात्र तो साचा मोडतो. १९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली होती आणि वाढलेली शक्ती दोन चाकांतून जमिनीवर उतरवणे अवघड झाले होते. म्हणून लोटस, मात्रा, मॅक्लारेन आणि कॉसवर्थ अशा चौघांनी स्वतंत्रपणे चतुश्चालित गाड्या तयार केल्या. चार नामांकित अभियंतावर्ग एकाच वर्षी एकाच निष्कर्षास येतात आणि चौघेही फसतात, हे दृश्य तंत्रज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसत नाही. मॅक्लारेनची गाडी एकदाच शर्यतीत उतरली. कॉसवर्थची उतरलीच नाही. मात्राच्या गाडीने कॅनडात सहावा क्रमांक मिळवून अजिंक्यपदाचा एकच गुण कमावला. कारण उघड होते. याच सुमारास टायर रुंद झाले, आणि १९६८ पासून पंख लावून हवेच्या दाबाने मागील चाके जमिनीवर दाबता येऊ लागली. दोन चाकांची पकडच एवढी वाढली की पुढील यंत्रणेचे जादा वजन केवळ ओझे ठरले. त्यातच पुढील चाकांना शक्ती दिली की गाडी वळणात नाक आत घेईना. म्हणून पुढील हिस्सा कमी कमी करीत अभियंते अखेर द्विचालित गाडीच्याच जवळ येऊन पोहोचले. 'चारही चाके म्हणजे अधिक पकड' हे वाक्य अर्धे आहे. पकड टायर आणि भार यांपासून मिळते. चालन फक्त तिचा उपयोग करते.

पुढील अध्याय फिनलंडच्या बर्फात सुरू होतो. १९७६-७७ च्या हिवाळ्यात आउडीचे अभियंते तेथे चाचण्या घेत असता सोबत फोक्सवागनची 'इल्टिस' ही ७५ अश्वशक्तीची लष्करी गाडी होती. तिने कितीतरी अधिक शक्तीच्या अग्रचालित मोटारींना बर्फावर मागे टाकले. यॉर्ग बेन्सिंगर यांनी त्यावरून चतुश्चालित प्रवासी मोटारीची कल्पना मांडली आणि फर्डिनांड पीएश यांनी तिला पाठबळ दिले. १९७८ च्या जानेवारीत ऑस्ट्रियातील टुराखर ह्योए या खिंडीचा तीव्र चढ नमुना-गाडीने उन्हाळी टायरांवर, साखळ्या न लावता पार केला. एका पोकळ दंडातून शक्ती मागे आणि त्याच्या आतील दुसऱ्या दंडातून पुढे नेण्याच्या युक्तीमुळे जीपसारखी अवजड वाटपपेटी टळली. मार्च १९८० मध्ये जिनीव्हा येथे 'क्वात्रो' लोकांपुढे आली. (नाव इटालियन, अर्थ 'चार', जर्मन कारखान्याने इटालियन संख्यावाचक का निवडावा, हा शब्दाभ्यासकाने हाताळण्याजोगा विषय आहे.) न्यायाने हेही नोंदले पाहिजे की, जपानमधील सुबारूने १९७२ सालीच 'लिओनी'ची चतुश्चालित गाडी बाजारात आणली होती. तिचे मूळ शर्यतीत नव्हते. तोहोकू प्रांतातील वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना बर्फाळ डोंगरांत जीपपेक्षा सुखकर वाहन हवे होते. शर्यतींचे इतिहासकार अशा गरजांकडे सहसा दुर्लक्ष करतात.

१९८१ मध्ये क्वात्रो जागतिक रॅलीत उतरली. स्वीडनच्या बर्फात हानू मिक्कोला यांनी तिला पहिला विजय मिळवून दिला; त्याच वर्षी सान रेमो रॅली जिंकून मिशेल मूतों या जागतिक रॅली जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. प्रचलित कथन येथून थेट 'क्रांती' या शब्दावर उडी घेते. परंतु १९८२ चे चालकांचे अजिंक्यपद वाल्टर र्‍योर्ल यांनी पश्चचालित ओपेल आस्कोनातून जिंकले, आणि त्या वर्षीची माँटे कार्लो रॅलीसुद्धा. १९८३ तर याहून बोलके आहे. लॅन्सियाची '०३७' ही हलकी, मध्यभागी इंजिन असलेली पश्चचालित गाडी माँटे कार्लो, कॉर्सिका, अक्रोपोलिस, न्यूझीलंड आणि सान रेमो अशा पाच ठिकाणी विजयी झाली. आउडीनेही पाचच रॅली जिंकल्या. निर्मात्यांचे अजिंक्यपद ११८ विरुद्ध ११६ अशा दोन गुणांनी लॅन्सियाकडे गेले. माँटे कार्लोत त्या वर्षी बर्फ फारसे नव्हते, हे कारण नेहमी पुढे केले जाते आणि ते खरेही आहे. पण अक्रोपोलिस आणि न्यूझीलंड येथील रस्ते खडी-मातीचे. तेथे कोरड्या डांबराचे स्पष्टीकरण लागू पडत नाही. आउडीचे इंजिन पुढील आसाच्याही पुढे लटकत असे, त्यामुळे वळणात तिचे नाक बाहेर ओढले जाई. लॅन्सियाचे वजन समतोल होते आणि ती शेवटपर्यंत टिकत असे. म्हणजे स्पर्धा दोन चालनपद्धतींमध्ये नव्हती, दोन संपूर्ण मोटारींमध्ये होती. त्यानंतर पश्चचालित गाडीला निर्मात्यांचे अजिंक्यपद पुन्हा मिळाले नाही हे निर्विवाद. परंतु १९८५ ची विजेती पेजो २०५ टर्बो १६ ही चतुश्चालित असूनही तिचे इंजिन लॅन्सियाप्रमाणे मध्यभागी होते, ही गोष्ट विसरली जाते. आउडीचा धडा आणि लॅन्सियाचा धडा तिने एकत्र गिरवला.

शर्यतीपुरता हा वाद येथे सोडला तरी चालेल. हिवाळी रस्त्यावरील सामान्य चालकाच्या दृष्टीने मात्र त्यात जीविताचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून थोडे गणित मांडणे अवश्य आहे. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ मानू. मोटारीचा ६० टक्के भार पुढील चाकांवर आहे. ती अग्रचालित असेल तर तिची कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.१२ पट राहील. चतुश्चालित असेल तर ०.२ पट. पहिलीला ताशी ५० किलोमीटरचा वेग गाठण्यास सुमारे १२ सेकंद लागतील, दुसरीला सुमारे ७. आता ब्रेक लावा. ब्रेक दोन्ही मोटारींना चारही चाकांवर आहेत. दोन्ही सुमारे ४९ मीटरांवर थांबतील. वेग ताशी ७० असेल तर ९६ मीटरांवर. चढावर निघताना मिळालेला फायदा उतारावर थांबताना नाहीसा होतो, आणि वळणावरही घर्षणाची मर्यादा तीच राहते. अधिक धोका असा की, चाके घसरत नसल्यामुळे रस्ता निसरडा असल्याची जी सूचना द्विचालित गाडी निघतानाच देते, ती चतुश्चालित गाडीच्या चालकाला मिळत नाही. ती त्याला पहिल्या ब्रेकच्या वेळी मिळते.

घर्षणांकच बदलणारे साधन वेगळे आहे. फिनलंडच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये 'हाक्कापेलिट्टा' या नावाने मोटारींसाठी बर्फाचा टायर काढला. थंडीत कडक न होणारे रबर आणि बर्फात रुतणारी नक्षी यांमुळे वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया सुधारतात. चालनपद्धती यांपैकी मुख्यतः पहिलीच सुधारते. साब ९६ या अग्रचालित मोटारीतून एरिक कार्लसन यांनी १९६२ व १९६३ ची, आणि मिनी कूपरमधून पॅडी हॉपकर्क यांनी १९६४ ची माँटे कार्लो जिंकली, तेव्हा कोणीही चारही चाकांना शक्ती देत नव्हते. कायदेमंडळांनीही हाच भेद ओळखला. स्वीडनने १९९९ पासून १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी परिस्थिती असताना हिवाळी टायर बंधनकारक केले, आणि जर्मनीने २०१० मध्ये बर्फाळ रस्त्यांसाठी तसाच स्पष्ट नियम केला. गाडी चतुश्चालित असेल तर उन्हाळी टायर चालतील, अशी सवलत दोहोंपैकी कोणीही ठेवली नाही.