विश्वास पानिपतात गेला

अमेरिकन बोलीत एखाद्याला 'धोब्याकडे नेला' म्हटलं की त्याचे पैसे लुबाडले, किंवा खेळात त्याला सपाटून हरवला, असे दोन्ही अर्थ होतात. आपणही गोलंदाजाला 'धुतला' म्हणतोच. पण मराठीत फसलेला आणि हरलेला यांची पंगत वेगळी आहे, बघा.

हरलेल्यासाठी आपल्याकडे 'पानिपत' आहे. १४ जानेवारी १७६१ची लढाई. उदगीर जिंकलेल्या सदाशिवरावभाऊंची फौज बुऱ्हाणपूरमार्गे, म्हणजे आपल्या जुन्या खानदेशातूनच, उत्तरेत गेली होती. आज निवडणुकीत कुणाची धूळधाण झाली तरी पेपरवाले 'पानिपत' छापतात. त्या शब्दात हार आहे, पण हसू नाही.

फसवण्यासाठी 'कात्रजचा घाट दाखवणे'. एप्रिल १६६३मध्ये महाराजांनी शाइस्ताखानावर छापा घातला, आणि बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडेच पळवलं, अशी परंपरेने आलेली कथा. शत्रूला चकवलं, म्हणून तिथे कौतुक.

पण साधा माणूस फसला तर? त्याला 'मामा बनवला', 'टोपी घातली', 'चुना लावला'. हसायचं ते त्यालाच! फसवणाऱ्याला नाव द्यायला आपल्याला इंग्रजांचा कायदा लागला. १८६०च्या दंडसंहितेतलं ४२० कलम. १ जुलै २०२४पासून त्या जागी न्यायसंहितेचं ३१८ कलम आलं, पण 'चारसोबीस' काही जिभेवरून उतरत नाही.

आमच्या पिंप्राळ्याच्या घरातले एक आजोबा कापूस विकून आले की व्यापाऱ्याने काटा मारल्याचं घरात कधीच बोलत नसत. नुकसान सोसवत होतं, 'गंडला' हे ऐकवत नव्हतं. आणि असे सगळेच गप्प बसले की काटा मारणाऱ्याचं फावतं. पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी त्याच काट्यावर गाडी लावतो.

या दोन्ही पंगती एकाच वाक्यात येतात ते म्हणजे 'विश्वास तर पानिपतातच गेला'. नानासाहेबांचा कोवळा मुलगा विश्वासराव तिथे गोळी लागून पडला. उधार मागणाऱ्याला दुकानदार आजही हेच ऐकवतो. विनोद म्हणून ठीक आहे. पण नीट पाहिलं तर फसलेल्या माणसाचा गुन्हा एवढाच असतो, की त्याने विश्वास ठेवला. पानिपतावर पडलेल्यांना आपण मान देतो, मग यालाच हसू का?

असो. तुमच्याकडे, विशेषतः अहिराणीत, फसलेल्याला न हसणारा एखादा शब्द असेल तर जरूर कळवा.